मे महिन्यातच पाऊस झाला, पण पेरणीचा पाऊस अजून यायचाय

अहिल्यानगर | विशेष विश्लेषण

मृग नक्षत्र लागलं, पण आभाळ कोरडं आहे. मे महिन्यात ज्या ओढ्या-नाल्यांना पाणी वाहिलं, तिथे आता कडेला चिखल सुकून भेगा पडू लागल्यात. दुपारी ऊन चटके देतंय, वारा सुटलाय आणि गावोगावच्या पारावर एकच प्रश्न आहे, पेरायचं की थांबायचं?

हा प्रश्न यंदा आपल्या जिल्ह्यासाठी इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त नाजूक आहे. हवामान विभाग रोज नकाशावर एक रेषा काढतो. मान्सून कुठपर्यंत पोहोचला ते ती रेषा सांगते. मेच्या शेवटच्या आठवड्यात ही रेषा मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद, भवानीपटणा, पुरी अशी आली आणि तिथेच अडकली. म्हणजे मान्सून येऊन थांबला तो अगदी आपल्या शिवारात. दक्षिणेकडच्या तालुक्यांत 'मान्सून आला' आणि उत्तरेकडे 'अजून यायचाय', अशी कागदावरची स्थिती आहे. शेतात मात्र दोन्हीकडे सारखंच कोरडं आहे.

हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी गेल्या महिन्यात देशभर काय झालं ते पाहावं लागेल.

एकच महिना, प्रत्येक भागात वेगळं हवामान

मे म्हणजे उन्हाळ्याचा सगळ्यात कडक महिना. यंदा त्याने सगळे अंदाज मोडले. हवामान विभागाच्या आकडेवारीनुसार मे २०२५ मध्ये देशात सरासरी १२६.७ मिलिमीटर पाऊस झाला. या महिन्याची नेहमीची सरासरी ६१.४ मिलिमीटर आहे. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. १९०१ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यात इतका ओला मे महिना कधीच झाला नव्हता.

पण 'देशात सरासरी' या शब्दांनी फसायला होतं. सगळीकडे सारखा पाऊस पडलेला नाही.

दिल्लीत २ मे च्या पहाटे वादळी वाऱ्यासह काही तासांत ७७ मिलिमीटर पाऊस झाला. २१ मे रोजी संध्याकाळी धुळीचं वादळ आणि गारपीट झाली. २४-२५ मे च्या रात्री पुन्हा जोरदार पाऊस. महिनाभरात दिल्लीत १८६.४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तिथला मे महिन्याचा आजवरचा हा उच्चांक. एरवी याच महिन्यात दिल्लीचे लोक लू म्हणजे उष्ण वाऱ्यांनी हैराण असतात.

त्याच दिवसांत शेजारच्या राजस्थानात जैसलमेर, बाडमेर, गंगानगर या पट्ट्यात पारा ४६-४७ अंशांच्या घरात होता. दिल्लीकर छत्री उघडत होते आणि थोडं पश्चिमेला माणसं घराबाहेर पडायला घाबरत होती.

दक्षिणेत बंगळुरूत १९ मे च्या सुमारास एका रात्रीत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस होऊन वस्त्यांत पाणी शिरलं. केरळात मान्सून २४ मे रोजी पोहोचला. नेहमीची तारीख १ जून आहे. म्हणजे आठ दिवस आधी. २००९ नंतर तो इतक्या लवकर प्रथमच आला.

मुंबईत २६ मे रोजी मान्सून दाखल झाला. नेहमीच्या ११ जूनपेक्षा तब्बल १६ दिवस आधी. याआधीची सगळ्यात लवकरची तारीख २९ मे होती. त्याच दिवशी वरळीचं नवं भुयारी मेट्रो स्थानक पाण्याखाली गेल्याचे व्हिडिओ गावोगावच्या मोबाईलवर फिरले. कुलाब्याला मे महिन्यातला पाऊस २९५ मिलिमीटरवर गेला आणि १९१८ सालचा विक्रम मोडला.

आणि महिना संपता संपता पावसाने तोंड फिरवलं ते ईशान्येकडे. आसाम, अरुणाचल, मणिपूर, मिझोराम, सिक्कीम या राज्यांत पूर आणि दरडी. आसामातल्या सिलचरला २४ तासांत ४१५.८ मिलिमीटर पाऊस झाला. १८९३ सालचा तिथला विक्रम मोडला गेला. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात वर्षभरात जेवढा पाऊस होतो, जवळपास तेवढा तिथे एका दिवसात पडला.

तिकडचा पाऊस वेगळा, इकडचा वेगळा

इथेच खरी गोम आहे. या सगळ्या पावसाला बातम्यांत एकच नाव मिळालं, 'पाऊस'. पण त्याची कारणं वेगवेगळी होती.

दिल्ली-पंजाबकडचा पाऊस मान्सूनचा नव्हता. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानमार्गे हवेचे जे पट्टे येतात, त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिवाळ्यात ते हिमालयात बर्फ पाडतात आणि गव्हाला पाणी देतात. उन्हाळ्यात त्यांचा जोर सहसा कमी होतो. यंदा ते मे महिन्यातही येत राहिले. त्यांना अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हीकडून आलेलं बाष्प मिळालं. वर गार हवा आणि खाली तापलेली जमीन, त्यातून वादळं आणि गारा.

महाराष्ट्रातला मेच्या पहिल्या तीन आठवड्यांचा पाऊस बहुतांश वळवाचा होता. सकाळपासून उकाडा, दुपारनंतर ढग, मग वारा, वीज, कुठे गारा आणि तासाभरात सगळं शांत. असा पाऊस एका शिवारात बांध फोडतो आणि शेजारच्या शिवारात धूळ तशीच ठेवतो. आपल्याकडे हे कुणाला सांगायला नको.

चौथ्या आठवड्यात मात्र चित्र बदललं. कोकण किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. त्याची ताकद वाढून २४ मे रोजी ते रत्नागिरी ते दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आलं. त्याच्या ओढीने मान्सूनचे वारे भराभर वर सरकले. २४ ला केरळ, २५ ला तळकोकण, २६ ला मुंबई-पुणे. नेहमी दहा-बारा दिवसांचा प्रवास दोन-तीन दिवसांत झाला. २५ मे रोजी बारामती, इंदापूर, दौंड भागात धो-धो पाऊस झाला, बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. आपल्याकडे नगर तालुक्यात खडकी, वाळकी भागात वालुंबा नदीला ऐन मे महिन्यात पूर आला.

लोकांनी हा पूर पाहिला आणि मान्सून जोरात आला असं मनाशी धरलं. प्रत्यक्षात मान्सूनला हा धक्का समुद्रातल्या त्या क्षेत्राने दिला होता. ते क्षेत्र जमिनीवर येऊन विरलं आणि धक्का संपला. तेवढ्यात बंगालच्या उपसागरात दुसरं क्षेत्र तयार झालं, २९ मे रोजी ते पश्चिम बंगाल-बांगलादेश किनाऱ्यावर गेलं आणि सगळं बाष्प ईशान्येकडे ओढलं गेलं. सिलचर बुडालं ते त्यामुळे आणि आपल्याकडचं आभाळ मोकळं झालं तेही बऱ्याच अंशी त्यामुळेच. अरबी समुद्रावरून येणारे वारे मंदावले, वायव्येकडून कोरडी हवा आत आली आणि रेषा अहिल्यानगरवर थांबली.

'मान्सून आला' याचा अर्थ काय?

केरळात मान्सून आल्याची घोषणा ठरलेल्या निकषांवर होते. केरळ आणि आसपासची १४ ठिकाणं ठरलेली आहेत. १० मे नंतर त्यातल्या किमान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला पाहिजे. सोबत पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची खोली आणि वेग, ढगांचं प्रमाण हेही पाहतात. हे सगळं जुळलं की घोषणा होते.

म्हणजे ही घोषणा शास्त्राप्रमाणे बरोबरच असते. पण ती वाऱ्याबद्दल असते, आपल्या रानातल्या ओलीबद्दल नसते. 'मान्सून दाखल' ही बातमी वाचून तिफण बाहेर काढणं म्हणजे एसटी तालुक्याच्या स्टँडवर आली म्हणून गावच्या फाट्यावर पिशवी उचलण्यासारखं आहे. गाडी निघालीय हे खरं, पण मध्ये ती किती वेळ थांबेल ते वेगळं.

२००९ विसरू नका

यंदा मान्सून २००९ नंतर सगळ्यात लवकर आला, हे सगळीकडे आनंदाने सांगितलं गेलं. पण २००९ मध्ये पुढे काय झालं, ते फार कमी जणांनी सांगितलं.

त्या वर्षी २३ मे रोजी मान्सून केरळात आला होता. दोन दिवसांनी, २५ मे रोजी बंगालमध्ये आयला चक्रीवादळ धडकलं. त्यानंतर मान्सूनची चाल मंदावली. त्या वर्षीच्या जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा ४७ टक्के पाऊस कमी झाला. आणि चार महिन्यांचा हिशोब झाला तेव्हा पाऊस सरासरीच्या ७८ टक्केच भरला. त्या आधीच्या कित्येक वर्षांतला तो सगळ्यात मोठा दुष्काळ ठरला.

यंदाही तसंच होईल असा याचा अर्थ नाही. २००९ मध्ये प्रशांत महासागरात एल निनो तयार होत होता, यंदा तशी स्थिती नाही. हवामान विभागाने २०२५ च्या हंगामासाठी सरासरीच्या १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. जूनसाठीही सरासरीपेक्षा जास्त पावसाचा अंदाज होता. त्यामुळे घाबरण्याचं कारण दिसत नाही. पण एक गोष्ट २००९ ने शिकवली. लवकर आलेला पाऊस भरपूर पडेलच असं नाही आणि तो टिकेलच असंही नाही. चार महिन्यांचा अंदाज चांगला असला तरी मधले पंधरा दिवस कोरडे जाऊ शकतात. आणि कोवळं पीक मोडायला पंधरा दिवस पुरेसे असतात.

मेच्या पावसाने काय दिलं, काय नेलं

फायदा झालाच नाही असं म्हणता येणार नाही. विहिरींना थोडा पाझर आला, टँकरची मागणी कमी झाली, जनावरांना बांधावर हिरवं दिसलं. उसाला एक-दोन पाणी वाचलं. उन्हाच्या झळाही कमी लागल्या.

पण नुकसानीची बाजू जड आहे. सगळ्यात मोठा फटका गावरान कांद्याला. पारनेर, श्रीगोंदा, नगर, राहुरी, संगमनेर अशा सगळ्याच भागांत काढलेला कांदा शेतात ढीग करून पडला होता. कागद टाकून झाकला तरी खालून ओल लागली. चाळीत गेलेला कांदाही दमट हवेने सडतोय, कोंब धरतोय. हे नुकसान आज पूर्ण दिसत नाही. ते ऑगस्ट-सप्टेंबरात चाळ फोडल्यावर दिसेल. आंबा, डाळिंब, लिंबू, भाजीपाला यांना वाऱ्याचा आणि गारांचा मार बसला तो वेगळाच.

दुसरा फटका मशागतीचा. मे महिन्यात रान तापावं म्हणून नांगरून ठेवतात. उन्हाने ढेकळं फुटतात, किडीचे कोष आणि बुरशी मरते, हराळी-लव्हाळा वाळतो. यंदा रान तापलंच नाही. वाफसा येतो न येतो तोच पुढचा पाऊस. कुळवाच्या पाळ्या राहिल्या, शेणखत पसरायचं राहिलं आणि तण मात्र गुडघ्याला आलं. म्हणजे यंदा खुरपणी आणि तणनाशकाचा खर्च वाढणार, हे आत्ताच दिसतंय.

तिसरी गोष्ट ऊसवाल्यांनी लक्षात ठेवायची, ती हुमणीची. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर जमतात. यंदा पाऊस लवकर, म्हणून भुंगेरेही लवकर. झाडं हलवून भुंगेरे गोळा करणं आणि प्रकाश सापळे लावणं हे काम सगळ्या गावाने मिळून केलं तरच उपयोग होतो. एकट्याने केलं तर शेजारच्या रानातून पुन्हा येतातच.

भरपाईचा कागद बदललाय

हा मे महिना आणखी एका कारणाने महागात पडू शकतो. नुकसान झालं तेव्हाच नियमही बदलले.

राज्याने १ जानेवारी २०२४ च्या निर्णयाने अतिवृष्टी आणि अवकाळीसाठी वाढीव मदत सुरू केली होती. जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये, बागायतीला २७,००० रुपये, फळबागेला ३६,००० रुपये आणि मर्यादा ३ हेक्टर. मे २०२५ च्या अखेरीस हे वाढीव दर मागे घेण्यात आले. तेव्हा पुन्हा केंद्राच्या निकषाप्रमाणे जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५०० रुपये असे दर ठरले, तेही २ हेक्टरपर्यंतच. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त हवं, ही अट आहेच.

पीक विम्याचंही तसंच. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. त्याहून मोठा बदल असा, की पेरणी न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान या चार गोष्टींवर मिळणारी भरपाई राज्याने २०२५ च्या खरिपापासून काढून टाकली. त्या खरिपात फक्त पीक कापणी प्रयोगातून मंडळाचं उत्पन्न कमी निघालं तरच पैसे मिळणार होते.

याचा पेरणीशी थेट संबंध आहे. घाईत पेरलं, पाऊस लांबला, पीक उगवून जळालं आणि दुबार पेरणी करावी लागली, तर त्या पहिल्या पेरणीच्या खर्चाला विम्यातून काही मिळण्याची आशा धरू नये. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी हे सगळं खिशातून जाईल. आधी निदान ७२ तासांत तक्रार नोंदवायची सोय तरी होती. २०२५ च्या खरिपात तो दरवाजा बंद झाला.

ज्यांनी गेल्या रब्बीत कांद्याचा विमा काढला होता, त्यांच्यासाठी जुने नियम लागू होते. त्यांनी आपल्या तक्रारीचा क्रमांक आणि पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी, नसेल तर कृषी सहायकाकडे विचारणा करावी.

मग पेरायचं कधी?

कृषी विभागाने घाईने पेरणी करू नका असं आवाहन मेच्या अखेरीसच केलं आहे. कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगतात ते यंदाही लागू आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत चांगली खोल ओल असल्याशिवाय पेरणी नको.

इथे एक चकवा आहे. पुष्कळ जण म्हणतील, आमच्याकडे तर मे महिन्यातच शंभर मिलिमीटर झाला. खरं आहे. पण तो पाऊस पंधरा-वीस दिवसांपूर्वीचा. त्यानंतर ऊन आणि वारा लागून वरची दोन-चार बोटं कोरडी झाली. बी पडतं ते याच थरात. खालची ओल बियाला उगवून वर यायला पुरत नाही, आणि उगवलंच तर मूळ खाली पोहोचायच्या आत ते सुकतं. म्हणून मोजायचा पाऊस तो पेरणीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांतला.

रान पाहायचं तर साधी रीत आहे. कुदळीने वीतभर खणावं. माती मुठीत दाबावी. लाडू बांधला गेला आणि हलका दाबल्यावर फुटला, तर वाफसा आहे. बांधलाच गेला नाही तर थांबावं, हाताला चिकटला तर अजून एक-दोन दिवस द्यावेत.

मूग-उडीदवाल्यांची अडचण वेगळी आहे. पारनेर, जामखेड भागात ही पिकं जेवढी लवकर पेरावी तेवढी बरी, त्यामुळे हात शिवशिवतात. पण इथेही ज्यांच्याकडे एखादं-दुसरं पाणी द्यायची सोय आहे, त्यांनीच धाडस करावं. पूर्ण जिरायत असेल तर आठवडाभर थांबल्याने पीक हातचं जात नाही. सोयाबीन तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरता येतं. त्याला घाई कशालाच नको.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. राहिलेल्या पाळ्या याच उघडिपीत मारून घ्याव्यात. मेच्या पावसाने उगवलेलं तण कुळवाखाली गेलं तर पुढची एक खुरपणी वाचेल. घरचं सोयाबीन बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवावं.

आणि अंदाज पाहताना दोन गोष्टी पाळाव्यात. एक म्हणजे राज्याचा किंवा मुंबईचा अंदाज वाचून निर्णय घेऊ नये. एकाच जिल्ह्यात अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीला जूनमध्ये झड लागलेली असते, तेव्हा कर्जत-जामखेडला धूळ उडत असते. हवामान विभागाचा जिल्ह्याचा अंदाज आणि मेघदूत ॲपवरचा सल्ला पाहावा, आपल्या महसूल मंडळात प्रत्यक्ष किती पाऊस झाला त्याची नोंद विचारावी. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर 'अमुक तारखेपासून धो-धो' अशा क्लिप येतात, त्यांची तारीख आधी तपासावी. गेल्या वर्षीच्या क्लिप यंदाही फिरतायत. विजांच्या दिवसांत रानात जाणाऱ्यांनी दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवावं, वीज पडण्याचा धोका आधी कळतो.

पुढे काय

येत्या काही दिवसांत मान्सूनचे वारे पुन्हा जोर धरतील अशी चिन्हं आहेत. पश्चिमेचा वारा सलग सुटला, ढग खाली उतरले, गडगडाटाशिवाय रिपरिप लागली आणि पाऊस एका शिवारापुरता न राहता चार गावांत सारखा पडला, तर समजावं की आता खरा मान्सून आला.

या मे महिन्याने दिल्लीत उन्हाळा पुसला, सिलचरला शतकापूर्वीचा विक्रम मोडला, मुंबईला पंधरा दिवस आधी भिजवलं. त्या सगळ्या बातम्या खऱ्या आहेत. पण त्या दिल्लीच्या, सिलचरच्या आणि मुंबईच्या आहेत. आपल्या रानाची बातमी वीतभर खोल मातीत आहे. पेरणीआधी ती एकदा खणून वाचावी.